काठापासून सहा मीटर

दोन वॉर्डांनी एकाच ओढ्याकाठी, एकाच दिवशी, एकाच वेळी हजर राहणं ही उपनगराच्या इतिहासातली फार मोठी घटना होती. ती साडेदहाला घडायची होती. अकरा वीसला घडली, आणि घडल्या घडल्या दोन्ही वॉर्डांनी नाकाला रुमाल लावले.

ओढा बोरिवलीच्या डोंगरातून येतो. वर तो स्वच्छ असतो, असं म्हणतात. गावठाणाच्या मागे पोचेपर्यंत त्यात थर्माकोल, डायपर, तबेल्यांचं शेण आणि या सगळ्यावर एक राखाडी फेस असतो. दोन वॉर्डांची हद्द त्याच्या बरोबर मधून जाते. मागच्या वर्षी एक मेलेली म्हैस वाहत आली आणि तिथेच अडकली. अलीकडच्या वॉर्डाने तिला बांबूने पलीकडे ढकललं. पलीकडच्याने ती रीतसर परत पाठवली. चौथ्या दिवशी म्हैस फुटली आणि दोघांच्या वाट्याला सारखी आली.

त्यानंतर समन्वय समिती झाली. समितीचा ठराव साधा होता. ओढ्याच्या काठापासून सहा मीटर जागा मोकळी हवी. त्याच्या आत जे बांधकाम असेल ते दोन्ही वॉर्डांनी मिळून पाडायचं.

कार्मेन किणीने या दिवसासाठी चार वर्षं अर्ज केले होते. तिचं घर अलीकडे, गावठाणाच्या टोकाला. पलीकडे टॉवर उभा राहत होता. टॉवरवाला राडारोडा ओढ्यात लोटत होता, आणि ओढा जागा मिळेल तिकडे, म्हणजे कार्मेनच्या परसात सरकत होता. गेल्या पावसात पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागलं. आता त्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग होती. अजून एक पावसाळा, की भिंत ओढ्यात.

"तो दगड दिसतो?" तिने राजेशला विचारलं. राजेश अलीकडच्या वॉर्डाचा दुय्यम अभियंता. "माझी सासू काठावर बसून त्याच्यावर कपडे धुवायची. आता बघ कुठे आहे."

दगड ओढ्याच्या मधोमध होता. त्याला एक निळी पिशवी अडकली होती.

"दगड रेकॉर्डवर नाही, आंटी."

"सासू पण नव्हती रे. म्हणून काय कपडे धुतले नाहीत?"

राजेशने टेप काढली. टेपचं एक टोक पाण्यापाशी धरायला हवं होतं, आणि पाण्याच्या अलीकडे दोन हात काळा चिखल होता. राजेशने आपल्या बुटांकडे बघितलं. पलीकडच्या वॉर्डाच्या नंदकिशोरनेही राजेशच्याच बुटांकडे बघितलं.

"ही बाजू तुमची," नंदकिशोर म्हणाला.

"बूट नवीन आहेत यार."

"द्या इकडे," कार्मेन म्हणाली. चार वर्षांनी टेप आली होती. ती बुटांवरून परत जाऊ देणं तिला परवडणारं नव्हतं. तिने चपला काढल्या, गाऊन गुडघ्यापर्यंत खोचला आणि चिखलात उतरली. पायाखाली काहीतरी मऊ फुटलं. ते काय होतं हे तिने बघितलं नाही. टेपचं टोक तिने पाण्याला टेकवून घट्ट धरलं. दुसरं टोक राजेशने तिच्या भिंतीला लावलं. मध्ये झोळ पडू नये म्हणून नंदकिशोरने टेप दोन बोटांनी उचलून धरली. भूमापन कार्यालयाच्या संघमित्राने तिघांचा जिओटॅग फोटो काढला. फोटो छान आला.

"चार मीटर दहा," राजेश म्हणाला.

"पूर्वी अकरा होते!" कार्मेन चिखलातून ओरडली. "लिहा ताई! सात मीटर खाल्ले मेल्याने!"

संघमित्राने चार पूर्णांक दहा लिहिलं. 'पूर्वी'साठी रकाना नव्हता.

पंचनाम्याला पंच म्हणून स्थानिक माणूस लागतो. हजर असलेला स्थानिक माणूस एकच होता. कार्मेनने गाऊनला हात पुसले आणि नाव, आडनाव, तारीख अशी शाळेतल्यासारखी स्वच्छ सही केली. मोजमाप आपल्यासमोर झालं असून आपल्याला मान्य आहे, असं वर छापलेलं होतं. तिला ते खरोखरच मान्य होतं.

पाडायच्या बांधकामावर फुली मारायला राजेशने पिशवीतून लाल रंगाचा डबा आणि ब्रश काढला.

"पुलावरून वळसा पडेल तुम्हाला," कार्मेन उत्साहाने म्हणाली. "वीस मिनिटं धर. थांब, मी येते दाखवायला, त्यांचा वॉचमन आत सोडत नाही."

"पलीकडे कशाला?" राजेश म्हणाला. "नियम सहाचा आहे, आंटी. तुमचं किचन चारवर येतं."

कार्मेनने टॉवरकडे बोट केलं. टॉवरची भिंत थेट पाण्यातून वर आली होती. "आणि तो?"

उत्तर द्यायची पाळी नंदकिशोरची होती. त्याने रुमाल जरा खाली घेतला.

"मॅडम, अंतर काठापासून मोजतात. तिकडे काठच नाही. भराव टाकून भिंत घातलीय. मग मोजणार कुठून?"

राजेशने मान डोलावली. दोन्ही वॉर्डांचं एकमत व्हायला इतका कमी वेळ पूर्वी कधी लागला नव्हता. कार्मेनने संघमित्राकडे बघितलं. संघमित्रा पेनाचं टोपण शोधत होती.

किचनच्या भिंतीवर फुलीची एक रेघ अलीकडच्या वॉर्डाने मारली. दुसरी पलीकडच्या वॉर्डाने मारली. खाली आकडा घातला, एक. भेगेमुळे आकडा थोडा वाकडा आला.

रंग दोघांच्याही बोटांना लागला होता.

"आंटी, हात धुवायला पाणी मिळेल का?" राजेशने विचारलं.

नळ त्याच भिंतीला होता.