रक्तात भावाचं नाव

टोकन बावन्न. कुणीतरी संत्रं सोलतंय. रुग्णालयाच्या भिंतीवर नवी पाटी: आजपासून कार्ड, फोटो, सही काही लागणार नाही; ओळख रक्ताच्या थेंबावरून पटेल.

बिलिंगच्या काउंटरवर वैजयंतीने बोट पुढे केलं. मशीनने रक्ताचा थेंब घेतला. पडद्यावर आलं: हेमंत गुरव, पुरुष. या रुग्णाचा विमा नाही.

"ताई, हे रक्त तुमचं नाही," काउंटरवरच्या फरझाना म्हणाल्या.

"भावाचं आहे. सहा महिन्यांपूर्वी त्याने मला अस्थिमज्जा दिली. तेव्हापासून माझ्या अंगात त्याचंच रक्त तयार होतं. पण विमा माझा आहे हो, आणि इंजेक्शन आजच घ्यायचंय."

"मग एक केस द्या, मुळासकट. केस तुमचेच राहतात."

वैजयंतीचा हात डोक्याकडे गेला. केमोनंतर जेमतेम बोटभर उगवले होते.

"एकच हं."

"एकच. जास्त घेतला तर भांडा माझ्याशी."

पडद्यावर वैजयंतीचं नाव आलं. विमा मंजूर.

तिने तिथूनच फोन लावला. "हेम्या, मशीनला आज मी म्हणजे तूच वाटले."

"अरेरे, बिचारं मशीन!"

ती हसली. "तुझ्यामुळे उभी आहे रे इथे," मग म्हणाली.

मज्जा द्यायच्या दिवशी हेमंत नुसती सुई बघून दोनदा चक्कर येऊन पडला होता.