कच्चा टाका

मास्तर डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. पँट गुडघ्याखाली. अंगात ताप असा, की टेबलावर अंथरलेला कागद घामानं भिजून फाटला होता. तरी जीभ काही गप्प बसेना.

"डॉक्टरीणबाई, तीस वर्षं लोकांच्या पँटींचं बूड शिवलं. आता माझंच उसवलं बघा."

डॉक्टरीणबाई एरवी हसायच्या. आज हसल्या नाहीत. त्यांनी दिवा ओढून खाली घेतला, हातमोज्याचं बोट नुसतं टेकवलं, तर मास्तरांनी भिंतीवर थाडकन हात मारला.

"दोरा कुठंय?"

मास्तर कागदाची फाटकी कड बोटांनी जुळवू लागले.

"मास्तर, दोन महिन्यांपूर्वी मी इथं दोरा ओवला होता. बाहेरच्या भोकातून आत, आतून परत बाहेर, आणि सैल गाठ. कुठं गेला?"

"पडला असेल गळून."

"तो असा गळत नाही."

पडद्यापलीकडं मास्तरांची बायको बसली होती, मांडीवर त्यांचा चष्मा धरून. तिथूनच बोलली, "मी कापला."

"अगं, तू कशाला मधे..."

"तुमचा हात पोचत नव्हता, म्हणून मीच कापला ना? आता लपवून काय होणार आहे?" ती पडदा सारून आत आली. दुकानात मशीन मास्तरांचं. काज-बटण, कच्चे टाके उसवणं, लोंबते दोरे कापणं, हे सगळं तिच्याकडं. "पू यायचा थांबला होता, बाई. भोकही मिटत आलं होतं. हे म्हणाले, कच्चा टाका आहे तो, पक्की शिलाई बसली की काढायचाच असतो. लोंबता दोरा ठेवून आपण कधी गिऱ्हाइकाला कपडा दिलाय का? मलाही पटलं."

डॉक्टरीणबाई स्टुलावर टेकल्या. रागवणार होत्या, पण आवाज निघाला तो थकलेला.

"अहो, तो शिवायला नव्हताच. जखम मिटू नये म्हणून होता. यांच्या आतड्याला क्रोन्स आहे, आतून सूज आणि जखमा होत राहण्याचा आजार. साधं भगंदर वेगळं आणि हे वेगळं. हे वरून मिटतं आणि आत तसंच पोखरत राहतं. दोरा होता तोवर पूला वाट होती. आता तो आत कोंडलाय आणि दुसरीकडून फुटायला बघतोय."

"मग घाला की परत," मास्तर भिंतीलाच म्हणाले. "ह्या वेळी हात लावणार नाही. आईशप्पथ."

"घालणारच आहे. आज दुपारीच. पण संडास रोखून धरणारा आतला स्नायू पूनं किती खाल्लाय ते उघडल्यावर कळेल. फारच खाल्ला असेल, तर पोटावर पिशवी द्यावी लागेल. संडास त्यातूनच."

"किती दिवस?"

"काही जणांची निघते."

बाकीच्यांचं त्यांनी सांगितलं नाही.

थोड्या वेळानं सिस्टर काळं पेन घेऊन आली. "पिशवी लागेलच असं नाही हं काका. पण खूण आधी करून ठेवायची असते." मास्तरांना बसवेना, म्हणून ते टेबलाला धरून उभे राहिले. सिस्टरनं बेंबीच्या डावीकडं फुली मारली. मास्तरांनी बायकोच्या हातातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि मान खाली घालून नीट बघितलं.

"सिस्टर, इथं तर पट्टा येतो. रोज घासेल."

"मग कुठं घेऊ?"

"दोन बोटं खाली."

सिस्टरनं फुली पुसली. मास्तर बोटं टेकवून दाखवायला गेले, पण तापानं हात असा लटपटत होता, की एका जागी ठरेना. तशी बायको त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसली. एका हातानं त्यांचा हात बाजूला केला, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या पोटावर आडवी ठेवली आणि दाबून धरली.

"ह्याच्या खाली घ्या, सिस्टर," ती म्हणाली. मग वर न बघताच, "आणि अहो, पोट आत ओढू नका. माप फसतं."