निळ्या दाराची कडी

लातूरच्या फ्लॅटमध्ये ऋतुजा भर दुपारी पडदे ओढून भुताटकीचा गेम खेळत होती. परदेशी मालिकेतला हा चौथा भाग. गाव दरवेळी तेच, धुक्यात बुडालेलं, ओसाड.

बाबा चहा घेऊन आले आणि टीव्हीकडे बघत उभेच राहिले.

“उजवीकडं नको जाऊ. तिथं आड हाय.”

ती मुद्दाम उजवीकडे वळली. धुक्यातून आडाचा कठडा वर आला.

“बाबा, तुम्ही कधी खेळलात हे?”

भूकंपात गेलेल्या जुन्या किल्लारीबद्दल बाबा कधीच बोलत नसत. आताही नुसतं म्हणाले, “सरळ चल. निळं दार लागंल.”

निळं दार लागलं. तिनं बटण दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबलं. दार उघडेना.

“आतून लावलंय,” बाबा म्हणाले. “विसर्जनाला निघताना मीच आईला म्हणलो, कडी लावून घे, आलो की हाक मारतो. पहाटं घरच न्हाई राहिलं.”

कप खाली ठेवून ते टीव्हीजवळ गेले.

“आई, कडी काढ. मी आलो.”

टीव्हीत काहीच हललं नाही. कडी काढल्याचा आवाज आला तो मागून, त्यांच्याच दाराकडून.

फ्लॅटच्या दाराला कडी नव्हती.