माहेरचं सोनं

पहिल्या वाटीवरचं सोनं राखेनं दोनदा घासताच निघालं. हैदराबादहून आलेल्या प्रोफेसरसाहेबांनी वाटी उलटसुलट केली, खालचं तांबं शांतलिंग मास्तरांना दाखवलं आणि म्हणाले, "मुलामा तो उतर गया, मास्टर."

धाराशिवच्या त्या शाळेतला मोठा वर्ग माणसांनी गच्च भरला होता. विजेच्या रसायनात नवं काही शोधणाऱ्याला हैदराबादचं एक मंडळ सोन्याचा तमगा, म्हणजे पदक, देत असे, आणि तमग्यामागोमाग तिथल्या प्रयोगशाळेत जागा. निजामाच्या राज्याच्या या टोकाला पोरांना पाढे घोकवणाऱ्या मास्तराला याहून जास्त काय हवं? शांतलिंगांनी त्यापायी उमेदीची वर्षं काचेच्या बरण्यांत आणि विषारी पाण्यात घालवली होती. त्यांचा दावा साधा होता. आपल्या रीतीनं चढवलेला सोन्याचा मुलामा झिजत नाही. दावा हवेतला नव्हता. बायको महानंदा तशी एक वाटी रोज राख-चिंचेनं घासत आली होती, आणि वाटी अजून तांबूस-सोनेरी झळकत होती. तो तांबूसपणा आपल्या रीतीचाच गुण, असं मास्तर कौतुकानं सांगत.

आणि आज मंडळानं आणलेल्या बावनकशी सोन्यानं ऐन वेळी तोंडाला पानं पुसली.

"साहेब, एकवार माझं सोनं लावून बघू द्या," मास्तर म्हणाले.

त्यांचं सोनं म्हणजे महानंदाची पाटली. लग्नात तिच्या वडिलांनी, जळकोटच्या वीरप्पांनी घातलेली. प्रयोगाला सोनं कुठून आणावं या घोरात मास्तर बसले असताना तिनं आपण होऊन ती हातातून उतरवली होती. "घाला तुमच्या पान्यात," म्हणाली होती. त्या दिवशी मास्तरांना बायकोपुढं देवही फिका वाटला. पाटलीचं वजन त्यांनी काटेकोर केलं. कस मात्र लावला नाही. लेकीच्या अंगावर घातलेल्या सोन्याला सासरच्यांनी कस लावायचा नाही, ही सोयऱ्याधायऱ्यांतली रीत. लावला म्हणजे व्याह्याच्या भर पंगतीत मुस्काटात मारल्यासारखं. एरवी कणाकणाला पुरावा मागणारा हा शास्त्राचा माणूस तिथं मुकाट मान डोलावून मोकळा झाला.

पाटलीचा उरलेला तुकडा दुसऱ्या बरणीतल्या पाण्यात लोंबला; विजेनं विरघळून त्याचं सोनं वाटीवर चढू लागलं. तेच पाणी, तीच बॅटरी, तोच हात. वाटी बाहेर आली ती तांबूस. शिपायानं ती राखेनं घासली, चिंचेनं घासली, शेवटी विटेच्या चुऱ्यानं खसाखसा घासली. सोनं हललं नाही.

पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबही खुर्चीत पुढं सरकले. "शाबास! आता एवढंच सांगा, पहिल्यांदा उतरला तो आत्ता का टिकला? सबब सांगा आणि तमगा घ्या."

मास्तरांनी दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. एक हळदीसारखी पिवळी, एक तांबूस. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाटलीत तांबं होतं, थोडंथोडकं नव्हे, चांगलं भरपूर. सोन्याबरोबर तेही वाटीवर चढत होतं आणि मुलाम्याला टणक करत होतं. म्हणजे शोध खरा होता. त्यांना वाटत होता त्याहून मोठा होता! एक वाक्य बोलायचं आणि हैदराबादची वाट धरायची.

त्यांनी मान वर केली. पहिल्या रांगेत जरीचा रुमाल बांधून वीरप्पा बसले होते. त्यांचं तोंड पार उतरलं होतं. पलीकडं बायकांत महानंदा होती. बापाचं नाव निघालं की तिचा ऊर भरून येई. त्यानंच हिणकस सोनं घातलं, हे भरल्या सभेत तिच्या कानावर पडलं तर ती पुन्हा कुणाकडं मान वर करून बघणार होती?

साहेबांनी पेटीतून काळा कसोटीचा दगड काढला. "आणा तो तुकडा. सोनंच बघू."

जिभेवर आलेलं वाक्य मास्तरांनी गिळलं. तुकडा मुठीत आवळला. "साहेब, हे सासऱ्यांचं सोनं हाय. आमच्यात याला कस लावत न्हाईत."

सगळा वर्ग खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. "सोनं तपासायला भिणाऱ्या माणसाला शास्त्राचा तमगा कसा द्यायचा, मास्टर?" एवढं बोलून ते उठले. तमगा मखमलीच्या डबीतून आला होता, तसाच परत गेला.

बाहेर वीरप्पांच्या तोंडावर रंग परतला होता. ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "जावई असावा तर असा. सोयऱ्याचा मान राखनारा!" त्यांचं नरडं धरावं असं मास्तरांना वाटलं. पण शेजारी महानंदा उभी होती. तिला घेऊन त्यांनी घरची वाट धरली.

घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि खाली मान घालून समोर बसली.

"अप्पांची अब्रू राखलीत," ती म्हणाली.

"त्यात अब्रूचं काय? सोनं अस्सलच व्हतं. माझीच रीत चुकली." जन्माची कमाई पाण्यात गेली होती. निदान हिचा बाप तरी हिच्यापाशी राहू दे, असं त्यांना वाटलं.

"उगं कशाला झाकता? मला लग्नाच्या आदीपासनं ठावं हाय," महानंदा म्हणाली. "म्हनून तर म्या ती पाटली तुमच्या पान्यात घातली. इरघळलेल्या सोन्याला कोन कस लावतंय?"