बिनहातांची खुर्ची

माझ्या चेलोवादनाची नवी सीडी आली. मागे चाळीस जणांचा ऑर्केस्ट्रा. पहिली सीडी बाबांच्या हातात दिली. बाबा सुतार. भुशाच्या हातानेच त्यांनी ती घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. "बघू सवडीने."

पंधरा दिवसांनी मी फोनवर आईला विचारलं, "ऐकली का गं त्यांनी?"

"नाव काढलं नाही. मी बाजारातून यावं, तर रोज घरातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या. म्हातारपण, दुसरं काय!"

मी विषय सोडला.

काल बाबा माझ्या दारात उभे. खांद्यावर नवीकोरी खुर्ची. चेलो गुडघ्यांत धरताना आड येऊ नयेत म्हणून तिला हातच केले नव्हते.

"हिच्यावर बसून वाजवत जा. तुझी जुनी कुरकुरते."

"कोण म्हणतं?"

"शेवटच्या तुकड्यात सगळे थांबतात आणि तू एकटीच वाजवतेस ना, तिथे."

ती जागा रेकॉर्डिंगवाल्याने शंभरदा ऐकली होती. त्याला काही सापडलं नव्हतं.

"बाबा, तुम्हाला भास झाला असेल."

"मलाही आधी वाटलं, आपल्याच घरातली कुरकुरते. सगळ्या उलट्या करून पाहिल्या."