दोन कार्यक्रमांमधलं वाक्य

"मग अँटेना कुठंय?" बाईंनी मान वर करून विचारलं.

"तुम्ही बघताय तीच," तंत्रज्ञ म्हणाला. "अख्खा मनोरा म्हणजेच अँटेना."

शाळेच्या खिडकीतून तीस वर्षं बाईंनी हा मनोरा पाहिला होता. मुलांनी विचारलं तर वर टोकाला कुठेतरी अँटेना असते, असं त्या ठोकून द्यायच्या. उद्यापासून रेडिओचं हे केंद्र बंद होणार असं कळलं, तेव्हा निवृत्त बाई आपली चूक सुधारायला वही घेऊन आल्या होत्या.

त्याने कुंपणाबाहेरूनच दाखवलं. एवढं लोखंड चिनी मातीच्या एका ठोकळ्यावर उभं होतं, म्हणजे प्रक्षेपणाची ताकद जमिनीत उतरून वाया जात नाही. बाईंनी लिहून घेतलं.

यंत्राच्या खोलीत उकडत होतं. मीटरचे काटे जागच्या जागी होते. कोपऱ्यातल्या रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. वहीने वारा घेत बाईंनी विचारलं, हे आता ऐकतं कोण?

"कुणास ठाऊक. पूर्वी पोतंभर पत्रं यायची. आता सगळं मोबाइलवर. चार वर्षांत वरून दुरुस्तीचा माणूससुद्धा फिरकला नाही. बंदच करायचंय म्हटल्यावर कोण येतंय?"

मग बाईंनी जपून त्याच्या मुलीचं विचारलं. ती त्यांच्याच हाताखालून गेलेली. प्रश्न विचारून वर्गाला भंडावून सोडायची.

मीटर वाचून दाखवावा तसं त्याने सांगितलं. चार वर्षांपूर्वी भांडण झालं, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस असं तो बोलून गेला, आणि ती निघून गेली. पत्ता नाही, फोन नाही. स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ तेवढा घेऊन गेली. त्या एका आशेवर दुसऱ्या दिवसापासून तो नियम मोडू लागला. दुपारी दोन कार्यक्रमांच्या मध्ये दहा सेकंद रिकामे असतात. तेवढ्यात माइक उघडून तो रोज एकच वाक्य बोलायचा: भिंगरी, चुकलो मी, घरी ये.

बायको वारली तेव्हा तेही त्याने त्या दहा सेकंदांत सांगितलं. मुलगी आली नाही.

"तिने ऐकलं नसेल," बाई म्हणाल्या.

"तीन वर्षं, रोज? ऐकलं बाई. ऐकलं, आणि आली नाही."

गेल्या वर्षी तिचं पत्र आलं होतं. त्याने ते न फोडता परत पाठवलं. मागचा पत्ताही वाचला नाही. वर एवढंच लिहिलं, की इथे तुझं कुणी नाही. त्या दिवसापासून माइकवरचं ते वाक्यही त्याने बंद केलं.

"आईच्या वेळी दगड झाली ती," तो म्हणाला. "माझ्या लेखी संपली."

बाईंनी वही मिटली. बाहेर अंधारून येत होतं. त्यांना असं जड मनाने पाठवायला नको, निदान एक गंमत दाखवावी, म्हणून त्याने भिंतीवरची पेटती ट्यूबलाइट विझवून काढली. प्रक्षेपण चालू असताना मनोऱ्याजवळ नुसती हातात धरली की ती तारेशिवाय उजळते.

कुंपणापाशी त्याने नळी उंच धरली. ती उजळली नाही.

"गेली असेल," बाई म्हणाल्या.

"आत्ता तर पेटत होती."

त्याने दुसरी आणली. तीही काळीच.

तो आत गेला. काटे पूर्ण ताकद दाखवत होते, रेडिओ वाजत होता. भिंतीतलं लोखंडी कपाट त्याने कित्येक वर्षांनी उघडलं. दुरुस्तीच्या वेळी ताकद मनोऱ्याकडे न सोडता खोलीतल्याच एका पेटीत जिरवतात. तेव्हा खोलीतल्या रेडिओवर सगळं ऐकू येतं, बाहेर मात्र काहीच जात नाही. त्यासाठी कपाटात एक खटका असतो. तो आधी खाली ओढायचा, आणि काम संपलं की आठवणीने वर करायचा.

खटका खाली होता. त्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दुरुस्ती चालू', आणि खाली तारीख होती, मुलगी घर सोडून गेली त्या दिवसाची.