उरलेला पाइप

माशांच्या काचेच्या टाकीत प्रवाळाच्या मागे पाणी फिरत नव्हतं, म्हणून ज्ञानेशने काल पाइपच्या तुकड्याला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली आणि तो टाकीतल्या मोटरला जोडला. संध्याकाळभर प्रवाळ असा डोलत होता की ज्ञानेशची नजर हटेना. आज सकाळी मात्र तो मिटून राखाडी पडला होता आणि मासे आडवे तरंगत होते.

त्याने मोटर बंद केली, पाइप उपसून नाकाशी धरला. खाऱ्या वासाखाली दुसराच एक उग्र वास होता, लहानपणापासून ओळखीचा.

"आबा, हा पाइप तुम्ही कुठून आणला होता?"

गावाहून राहायला आलेले त्याचे वडील नातीला, चिऊला, शाळेत धाडून बशीतला चहा फुंकत होते. "मळ्यातून. द्राक्षाच्या फवारणीचा जुना हाय. दोनदा धुतला की मी."

"औषध मुरलंय त्यात. मासे मेले सगळे." ज्ञानेशने कोपऱ्यात पाहिलं. पाइपचं वेटोळं तिथे नव्हतं. "उरलेला कुठंय?"

"वाया कशाला घालवायचा? तुझं बघूनच सुचलं मला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वयंपाकघरात लय बारीक यायचं. काल लावून टाकला तिथं. आता चांगला जोर हाय पाण्याला. चिऊची बाटली तर..."

आबांच्या हातातली बशी कलली.

"मीच भरून दिली तिला. शाळेत जाताना."